रस्त्याची नोंद कागलला तोडू नका

नऱ्ह्याच्या नवले पुलाजवळून जाणाऱ्या रस्त्याला आज किती नावं आहेत पाहा. आम्ही धनकवडी-आंबेगावची माणसं त्याला ‘बायपास’ म्हणतो. कागदोपत्री तो कात्रज–देहूरोड बाह्यवळण. वर्तमानपत्रात कधी मुंबई–बंगळूर महामार्ग, कधी पुणे–बंगळूर, कधी नुसता पुणे–सातारा. फलकावर राष्ट्रीय महामार्ग ४८ असं लिहिलेलं असतं आणि माझ्या वयाची माणसं अजूनही ‘एनएच फोर’ म्हणतात. सुवर्ण चतुष्कोनाच्या मुंबई–चेन्नई बाजूचा तो तुकडा आहे. ग्वाल्हेरहून धुळे, मुंबईमार्गे बंगळूरला जाणाऱ्या आशियाई महामार्ग ४७ चाही तो भाग आहे. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये या पुलाजवळ चाळीसहून जास्त वाहनं एकमेकांवर आदळली, तेव्हाची कात्रणं माझ्याकडे आहेत. एकाच ठिकाणचा तोच रस्ता त्यांत वेगवेगळ्या नावांनी आलेला आहे.

बोलण्यात हे चालतं. समोरचा विचारतो, “कुठला हो, वडगावचा का?” आणि आपण सांगतो. कोशाला असं विचारता येत नाही. कोशात नोंद एका नावाखाली लावावी लागते आणि वाचक त्या नावावर भरवसा ठेवून पुढचं सगळं खरं मानतो. म्हणून राज्यांच्या सीमा ओलांडणाऱ्या महामार्गाची नोंद कोणत्या नावानं करायची, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. त्याबद्दल माझं मत पक्कं आहे आणि ते इथं मांडते.

मी पुण्यातल्या शाळांमध्ये भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर मुलांसाठीच्या एका संदर्भग्रंथातल्या रस्त्यांच्या नोंदी तपासण्याचं काम माझ्याकडे आलं. माझे वडील ट्रक चालवायचे. त्यांच्या भाषेत ते ‘बेंगलोर लाइन’वर होते. गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून कांदा भरायचा, ताडपत्री आवळायची, बिल्टी खिशात घालायची आणि खंबाटकी, कराड, कोल्हापूर, निपाणी करत खाली उतरायचं. परतीला तिपटूरकडचा नारळ मिळाला तर फेरी चांगली गेली म्हणायचे. रस्त्याचा नंबर त्यांच्या तोंडून मी क्वचितच ऐकला. नकाशा पाहून रस्ता शिकवणारी मी आणि रस्ता पायाखालचा असलेले ते, या दोन्ही बाजू माझ्या मनात असल्यामुळे नोंदी तपासताना मला काही गोष्टी खटकायला लागल्या.

पहिली गोष्ट नंबराची. बहुतेक नव्या नोंदींचं शीर्षक ‘राष्ट्रीय महामार्ग अमुक’ असं असतं. दिसायला हे नेटकं आहे. नंबर सरकारी आहे, प्रत्येक भाषेत सारखाच आहे, कुणाच्या गावाचं नाव आधी आलं म्हणून भांडण नाही. पण नंबर बदलतो. २०१० साली देशातल्या सगळ्या राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक नव्यानं दिले गेले. त्याआधी आपला रस्ता ४ होता. ठाण्यापासून पुणे, बेळगाव, हुबळी, बंगळूर करत चेन्नईपर्यंत सुमारे १,२३५ किलोमीटर. आता तो ४८ मध्ये गेला, आणि हा ४८ दिल्लीहून निघून जयपूर, अहमदाबाद, मुंबई, पुणे, बंगळूरवरून चेन्नईला पोचतो, सुमारे २,८०० किलोमीटर. म्हणजे नुसता आकडा बदलला असं नाही. जुना ४ आणि मुंबई–दिल्लीचा जुना ८ यांचे मोठाले तुकडे एकत्र जोडले गेले. बंगळूरच्या पुढे तर वाटही बदलली. जुना ४ कोलारवरून जायचा, नवा ४८ होसूर, कृष्णगिरीवरून जातो.

आता ‘राष्ट्रीय महामार्ग ४’ या शीर्षकाची नोंद उघडली तर काय सापडायला हवं? आजच्या यादीप्रमाणे ४ हा अंदमानात आहे, पोर्ट ब्लेअरहून उत्तरेला दिगलीपूरकडे जाणारा. माझ्या वर्गातल्या एका मुलानं प्रकल्पासाठी वडिलांकडून ऐकलेला ‘एनएच फोर’ शोधला आणि खंबाटकी घाटाच्या चित्राखाली अंदमानची माहिती उतरवून आणली. “बाई, आपला रस्ता समुद्रातून जातो?” असं त्यानं मला विचारलं. मुलगा हुशार होता. चूक शीर्षकाची होती. उलट दिशेनंही तेच. २००५ सालच्या एखाद्या लेखात ‘राष्ट्रीय महामार्ग ४८’ वाचलात तर तो पुण्याचा नाही, बंगळूर–मंगळूरचा आहे. आपल्या सोलापूर रस्त्याचा जुना ९ आता दिल्लीवरून उत्तराखंडात जातो आणि सोलापूर रस्ता ६५ झाला, तर जुना ६५ हरियाणा-राजस्थानातला होता. पुणे–नाशिक ५० होता तो ६० झाला, आणि आजचा ५० नांदेडहून बिदर, कलबुर्गी, विजापूरवरून चित्रदुर्गला जातो. कोकणातला १७ आता ६६, आणि आजचा १७ थेट उत्तर बंगालमधून गुवाहाटीला. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. यातला प्रत्येक आकडा कुठल्या तरी पुस्तकात, अहवालात, कोर्टाच्या निकालात, जमिनीच्या कागदात छापलेला आहे आणि तो बदलणार नाही.

नव्या पद्धतीत शहाणपण आहे, हे मी मान्य करते आणि मुलांना आवडीनं शिकवत असे. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मुख्य रस्त्यांना सम आकडे, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणारे. पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जाणारे. तीन आकडी क्रमांक म्हणजे शाखा, आणि शेवटचे दोन आकडे कोणाची शाखा ते सांगतात. बेळगावहून खानापूर, अनमोड, मोलेमवरून पणजीला जाणारा ७४८ हा ४८ ची शाखा आहे, हे फलक बघून कळतं. जुन्या ‘४ अ’मध्येही नातं दिसायचं, पण आता पद्धत सगळीकडे एकसारखी झाली. प्रवाशाला, नकाशाला, टोलच्या हिशेबाला हे उपयोगाचं आहे. कोशाच्या शीर्षकाला मात्र पुरेसं नाही. कोशातली नोंद पन्नास वर्षांनी वाचली जाते.

आणखी एक बाब आहे. १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या परिशिष्टात रस्त्याचं वर्णन कसं केलं आहे? क्रमांक, आणि त्यापुढे रस्ता कुठून निघतो, कोणती गावं जोडतो, कुठं संपतो. म्हणजे कायद्यालाही नुसता आकडा पुरला नाही, रस्ता सांगण्यासाठी गावांची माळ लागली. ज्याला आपण अधिकृत म्हणतो त्याच्याच पोटात पुणे आहे, बेळगाव आहे, हुबळी आहे. मग कोशकारानं गावं गाळून आकडा तेवढा उचलायचं कारण काय?

दुसरी गोष्ट मला याहून जास्त टोचते. राज्याच्या सीमेवर नोंद तोडण्याची सवय. महाराष्ट्रातले महामार्ग एका यादीत, कर्नाटकातले दुसऱ्या यादीत. नोंदीत पुणे येतं, खेड-शिवापूर, शिरवळ, वाईचा सुरूर फाटा, सातारा, उंब्रज, कराड, पेठ नाका, कोल्हापूर येतं, कागल येतं, आणि मग एक ओळ: ‘पुढे हा रस्ता कर्नाटकात जातो.’ संपलं. कागलच्या पुढे दूधगंगा ओलांडली की कोगनोळी, निपाणी, तवंदीचा घाट, संकेश्वर, बेळगाव, कित्तूर, धारवाड, हुबळी, हावेरी, राणेबेन्नूर, हरिहर, दावणगेरे, चित्रदुर्ग, हिरियूर, शिरा, तुमकूर आहे. रस्त्याचा मोठा भाग तिकडेच आहे. माझे वडील कागलला थांबून परत येत नव्हते. त्यांचा रस्ता तुमकूरला संपायचा आणि आमचं घर त्या पूर्ण रस्त्यावर चालायचं.

जिच्यावर आपण रस्ता तोडतो ती सीमा तरी किती जुनी आहे? १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार हे जिल्हे मुंबई राज्यात होते. मधली कोल्हापूरसारखी संस्थानं वगळली, तर पुण्याहून निघालेला रस्ता राणेबेन्नूरपर्यंत मुंबई इलाख्यातच राहायचा. तुंगभद्रा ओलांडली की पलीकडे हरिहरला म्हैसूर संस्थान सुरू व्हायचं. म्हणजे सीमा तुंगभद्रेवरून उचलून कागल-निपाणीच्या मधे आणून ठेवली गेली, तीनशेहून जास्त किलोमीटर उत्तरेला. रस्ता जागचा हलला नाही. १९५० साली कुणी ‘मुंबई राज्यातील महामार्ग’ अशी नोंद लिहिली असती तर ती तुंगभद्रेला संपली असती, आज तीच कागलला संपते. रस्त्याच्या नोंदीचा शेवट राज्यपुनर्रचनेवर ठरावा हे मला पटत नाही. सीमाप्रश्नाचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्यात कोणाचं काय व्हायचं ते होवो, रस्त्याच्या नोंदीनं त्या वादात पडू नये. अखंड नोंद लिहिली की ती आपोआप वादाबाहेर राहते.

वडिलांबरोबर एकदा सुट्टीत मी दावणगेरेपर्यंत गेले होते. दुकानांच्या पाट्या कानडी, मला एक अक्षर वाचता येईना. पण पुष्कळ पाट्यांच्या खालच्या कोपऱ्यात इंग्रजीत पत्ता होता आणि त्यात एकच नाव पुन्हा पुन्हा दिसत होतं: पी. बी. रोड. मी वडिलांना विचारलं, हे पी. बी. कोण? कुणी पुढारी असतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, “अगं, आपलंच. पूना-बेंगलोर रोड.” पुढे धारवाडला, हुबळीला, बेळगावातही तेच नाव पाहिलं. आजही या गावांत पी. बी. रोड आहे. तिथल्या दुकानदाराच्या पत्त्यात पुण्याचं पहिलं अक्षर आहे आणि पुण्यातल्या कोशात मात्र त्याच्या गावाचा पत्ता नाही, हे मला अन्यायाचं वाटतं.

तसंच इंदूरचं. तिथला मोठा रस्ता ए. बी. रोड, आग्रा-बॉम्बे रोड. त्याच रस्त्याला मुंबईकडे आग्रा रोड म्हणत. कुर्ल्याहून ठाण्याकडे जाणारा लालबहादूर शास्त्री मार्ग हा तोच जुना आग्रा रोड. नंबराच्या हिशेबानं हा सगळा एकेकाळी राष्ट्रीय महामार्ग ३ होता. आज त्याचे तुकडे वेगवेगळ्या क्रमांकांत वाटले गेले आहेत. धुळे ते इंदूर ५२ मध्ये आहे, ग्वाल्हेर ते आग्रा ४४ मध्ये. आजचा ३ पंजाबात अटारीहून निघतो आणि मनालीवरून लेहला जातो. आता ‘मुंबई–आग्रा रस्ता’ ही नोंद कुणी लिहायची? ५२ च्या नोंदीत ती मावणार नाही, ४४ च्याही नाही. महाराष्ट्राच्या यादीत ती पळासनेरला संपेल. नाशिक, मालेगाव, धुळे, शिरपूर, सेंधवा, इंदूर या गावांचा शेकडो वर्षांचा व्यवहार ज्या रस्त्यानं झाला, तो रस्ता नंबरांच्या आणि राज्यांच्या फटीत हरवून जाईल. हैदराबादेत गच्चीबावलीकडे ‘ओल्ड मुंबई हायवे’ आहे. त्याच रस्त्यावर हडपसरला आपण ‘सोलापूर रोड’ म्हणतो आणि विजयवाड्याच्या बाजूला तो ‘हैदराबाद रोड’ असणार. टोकं जोडणारी नावं लोकांनी दिलेली आहेत आणि ती सीमेच्या दोन्ही बाजूंना जिवंत आहेत.

मराठी विश्वकोशात कृष्णा नदीची नोंद महाराष्ट्राच्या हद्दीवर संपवावी असं कुणाच्या मनातही येणार नाही. महाबळेश्वरला उगम, वाई, कराड, सांगली, मग कर्नाटक, तेलंगण, आंध्र, आणि बंगालच्या उपसागराला मिळेपर्यंत ती एकच नदी आणि एकच नोंद. सोलापूर रोड म्हणून पुण्यातून निघणारा ६५ क्रमांकाचा रस्ताही सोलापूर, हैदराबाद, विजयवाडा करत मछलीपट्टणला जातो, म्हणजे त्याच कृष्णेच्या त्रिभुज प्रदेशात. नदीला जो न्याय, तो रस्त्याला का नको?

यावर मला दोन आक्षेप ऐकायला मिळाले आहेत. एक रस्तेबांधणीतल्या अभियंत्यांचा. ते म्हणतात, टोकांची नावं अचूक नसतात. ‘मुंबई–गोवा महामार्ग’ मुंबईत सुरूच होत नाही, पनवेलला होतो, आणि गोव्यात संपत नाही, ६६ म्हणून कन्याकुमारीपर्यंत जातो. नगरकडची माणसं कल्याणहून माळशेजवरून येणाऱ्या रस्त्याला ‘कल्याण–विशाखापट्टणम’ म्हणतात, पण जुना २२२ क्रमांक कल्याण ते निर्मल एवढाच होता. हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच मी नंबराची नोंद काढून टाका असं म्हणत नाही. दोन्ही हव्यात, आणि त्या वेगळ्या हव्यात. ‘मुंबई–गोवा महामार्ग’ ही रस्त्याची नोंद: कशेडी, परशुराम घाट, वर्षानुवर्षं रखडलेलं चौपदरीकरण, गणपतीला जाणाऱ्या चाकरमान्यांचे हाल, महाड, चिपळूण, सावंतवाडी. ‘राष्ट्रीय महामार्ग ६६’ ही क्रमांकाची नोंद: कधीपासून, कुठून कुठपर्यंत, आधीचा क्रमांक कोणता, आणि हा आकडा पूर्वी कुठल्या रस्त्याला होता. ६६ पूर्वी पुदुच्चेरी–कृष्णगिरी रस्त्याला होता, हे त्या नोंदीत असायलाच हवं. दिल्ली ते चेन्नई असा सबंध रस्ता कुणी एका नावानं ओळखत नाही. तिथं ४८ हा आकडा हेच नाव, आणि ते ठेवावं. ग्रँड ट्रंक रोडचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. तो किती क्रमांकांत आणि किती देशांत विभागला गेला तरी त्याची नोंद त्याच नावाखाली होते, आणि वाचक तिथंच जातो.

दुसरा आक्षेप असा की आपल्याला महाराष्ट्रापुरतीच माहिती हवी असते. रस्ते हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांकडे आहे, फक्त राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या यादीत आहेत. भूसंपादन जिल्हाधिकारी करतात, पोलीस राज्याचे असतात. मग राज्यवार नोंद काय वाईट? माझं उत्तर असं की ‘महाराष्ट्रातील भाग’ हे नोंदीतलं एक प्रकरण करा, हवं तेवढं मोठं करा. खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी हे टोल नाके, सातारा-कागल सहापदरीकरण, कोल्हापूरला महापुरात पुलाच्या शिरोलीजवळ बंद पडणारा रस्ता, सगळं लिहा. शीर्षक मात्र पूर्ण रस्त्याचं असू द्या. अमेरिकेत एका आंतरराज्य महामार्गावर राज्यागणिक वेगळे लेख लिहिण्याची रीत पडली आहे, पण तिथंही पूर्ण रस्त्याचा मुख्य लेख असतो आणि बाकीचे त्याला जोडलेले असतात. आपल्याकडे तुकडे आहेत आणि मुख्य नोंद गायब आहे. ‘राष्ट्रीय महामार्ग’ या संकल्पनेच्या घडणीतही महाराष्ट्र आहे. १९४३ साली नागपुरात देशभरच्या मुख्य अभियंत्यांची परिषद झाली आणि राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा, ग्राम अशी रस्त्यांची प्रतवारी तिथं मांडली गेली. त्या प्रतवारीतली सगळ्यात वरची पायरीच प्रांतांच्या वर जाणारा रस्ता अशी होती.

मग शीर्षकात कोणतं टोक आधी? पुण्यात ‘पुणे–नाशिक’, नाशकात ‘नाशिक–पुणे’. मराठी कोशात रूढ नाव आधी ठेवावं. पुणे–बंगळूर हे नाव दोन्हीकडे रूढ आहे, पी. बी. रोड त्याची साक्ष आहे. शहराचं नाव मराठी लोक लिहितात तसं लिहावं, आणि बंगलोर, बेंगलोर, बेंगळुरू ही सगळी रूपं नोंदीत घ्यावीत. कर्नाटकानं २०१४ च्या १ नोव्हेंबरला बारा शहरांची नावं बदलली. आपल्याकडे औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. पुण्यात येरवड्याच्या पुढे माणसं अजून नगर रोडच म्हणतात. म्हणजे गावांची नावंही बदलतात, नंबरांसारखीच. त्यावरचा उपाय मराठी कोशकारांना माहीत आहे. ‘पहा’ हा तो उपाय. वाईच्या विश्वकोशात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या काळापासून अशा नोंदी आहेत. एका नावापुढे दोन शब्द लिहायचे आणि वाचकाला योग्य नोंदीवर पाठवायचं. ‘राष्ट्रीय महामार्ग ४ (२०१० पूर्वीचा): पहा पुणे–बंगळूर महामार्ग.’ ‘पी. बी. रोड: पहा पुणे–बंगळूर महामार्ग.’ ‘कात्रज–देहूरोड बाह्यवळण: पहा…’ एवढ्या ओळी लिहायला एक दुपार पुरे. आणि त्या लिहिताना क्रमांकाशेजारी साल कंसात टाकायचं, कधीही चुकवायचं नाही.

हे सगळं कशासाठी, असं विचारणाऱ्यांना मी खरेदीखत दाखवते. भोर, खंडाळा, वाई तालुक्यांत महामार्गाला लागून असलेल्या जमिनींच्या कितीतरी खरेदीखतांत चतुःसीमा लिहिताना ‘पूर्वेस एनएच ४’ किंवा ‘पश्चिमेस रा. म. क्र. ४’ असं असतं. त्या जमिनीचा वाटा मागणारी नात आणखी तीस वर्षांनी संदर्भ शोधेल. तेव्हा ‘राष्ट्रीय महामार्ग ४’ची नोंद तिला अंदमानला नेऊन सोडणार असेल तर त्या कोशाचा तिला काय उपयोग? जुना सर्व्हे नंबर, जुना गट नंबर शोधायला आपल्याकडे तलाठी असतो. जुन्या महामार्गाचा नंबर शोधायला फक्त कोश आहे.

काम आता तातडीचं झालं आहे त्याला आणखी एक कारण आहे. पुणे ते बंगळूर असा सुमारे ७०० किलोमीटरचा नवा द्रुतगती महामार्ग प्रस्तावित आहे, जुन्या रस्त्याला न लागता वेगळ्याच गावांतून जाणारा. तो झाला की ‘पुणे–बंगळूर’ या एका नावाचे दोन रस्ते होतील. मुंबईच्या बाबतीत हे आपण अनुभवलं आहे. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, त्याला यशवंतराव चव्हाणांचं नाव मिळालं, आणि लोकांनी आपण होऊन ‘एक्स्प्रेस वे’ आणि ‘जुना हायवे’ अशी वाटणी केली. तिथं लोकांचं चाललं, कारण दोन्ही रस्ते एकाच राज्यात आहेत आणि एकमेकांच्या जवळून जातात. बंगळूरच्या नव्या रस्त्याचं तसं नाही. दोन राज्यं, दोन भाषा, वेगळे जिल्हे. जुन्या रस्त्याची नोंद आज नीट लावली नाही तर नव्याच्या झगमगाटात तिचं शीर्षकही नवा रस्ता घेऊन जाईल, आणि दावणगेरेच्या पी. बी. रोडला पहिलं अक्षर कुठून मिळालं हे सांगणारी जागा कुठंच उरणार नाही.

ज्ञानकोशकार केतकरांनी आपल्या कोशाचं काम पुण्यात केलं. महादेवशास्त्री जोशींचा भारतीय संस्कृतिकोश पुण्यात झाला. सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचे चरित्रकोश पुण्यात झाले. कोशाचं काम कसं करायचं हे या शहराला कुणी शिकवायची गरज नाही, आणि विश्वकोशाचं वाई तर याच रस्त्यावरून सुरूर फाट्याला वळलं की येतं. छापील कोश करणाऱ्यांना, संगणकावर नोंदी लिहिणाऱ्या तरुणांना, पाठ्यपुस्तकांचे नकाशे काढणाऱ्यांना माझी विनंती आहे. पुणे–बंगळूर महामार्गाची एक अखंड नोंद करा, ती बंगळूरपर्यंत न्या, क्रमांकांच्या नोंदी वेगळ्या ठेवा आणि प्रत्येक क्रमांकाला त्याचं साल द्या. हुबळी-धारवाडची माहिती लिहिताना तिथल्या माणसाला विचारा. सीमेपलीकडे मराठी वाचणारे पुष्कळ आहेत, ते आनंदानं सांगतील. आणि वाचकहो, तुमच्या घरात महामार्गालगतच्या जमिनीचे, दुकानाचे जुने कागद असतील तर त्यांवरचा क्रमांक, कागदाचं साल आणि जवळच्या गावाचं नाव आजच एका वहीत उतरवून ठेवा.